एक नंबरला कुंदनसिंग

माझ्या बायकोच्या मामांना वादात हरवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि हातमोजे घालून हरवणारा एकच जन्माला आला. त्या एका माणसापायी मामांनी साऱ्या जगातल्या मुष्टियोद्ध्यांशी वैर पत्करलेलं आहे. भूम तालुक्यातल्या ईट गावी, त्यांच्या पडवीतल्या चुन्याच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेली दहा नावांची एक यादी आहे. वर मथळा आहे, 'सर्व काळातील जगातील दहा बॉक्सर'. दोनपासून दहापर्यंत सगळे नामवंत जगज्जेते आहेत. त्यांची नावं मी इथं देत नाही. त्यांचे चाहते देशोदेशी पसरलेले आहेत, आणि आपल्या देवाला मामांनी कितव्या पायरीवर बसवलंय हे कळलं तर त्यातले काही जण भूमची एसटी धरून ईटला यायला कमी करणार नाहीत. मामांना आनंदच होईल. त्रास मामींना, कारण चहा त्यांना टाकावा लागेल. एक नंबरला मात्र ज्याचं नाव आहे, त्याचे चाहते देशोदेशी नाहीत. तिथं ठळक अक्षरांत लिहिलंय, 'कुंदनसिंग, लंगर'. लंगर म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर. हा जगातला सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा तिथं रोट्या लाटायचा.

मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्याकडं फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला गाव एकदम मेजर करून टाकतं, तसं त्यांनाही केलं. ठेंगणा बांधा, मान जवळजवळ नाहीच, आणि नाक डावीकडं वळलेलं. मुलगी बघायला मी पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा बाकीच्यांनी पगार, शेती, मामेकूळ वगैरे विचारलं. मामांनी कोपऱ्यातून एवढंच विचारलं, की सगळ्यात मोठा बॉक्सर कोण. मला आयुष्यात एकाच बॉक्सरचं नाव माहीत होतं, ते मी सांगितलं. मामांनी मान हलवली, "सहावा हाय त्यो," म्हणाले आणि उठून म्हशीला पाणी पाजायला गेले. घरात चुळबुळ झाली. मुलगा बरा आहे, पण मेजरला पसंत नाही, अशी कुजबुज माझ्या कानावर आली. पुढं लग्न ठरलं ते मामींमुळं. सहावा तर सहावा, यादीत तर आहे ना, असं त्या म्हणाल्याचं बायको सांगते.

जावई म्हणून ईटला माझा मान मोठा आहे. बसायला गादी, जेवायला पहिली पंगत, आणि त्याची परतफेड म्हणून मामांचं सगळं ऐकून घ्यायचं. ते चालताना कधी सरळ चालत नाहीत, समोरच्याभोवती अर्धा वेढा घालून डाव्या अंगानं येतात. एसटीत उभं राहायची वेळ आली तर दांडी धरत नाहीत. पाय फाकवून, हनुवटी छातीत घालून, मुठी गालापाशी धरून उभे राहतात. त्यामुळं शेजारची जागा लवकर रिकामी होते. गोठ्याच्या आढ्याला भुसा भरलेलं एक पोतं टांगलेलं आहे, त्याला रोज सकाळी दूध काढायच्या आधी शंभर ठोसे. म्हशीला त्या आवाजाची इतकी सवय झालीय, की मामा गावाला गेले तर मामींनी स्वतः पोतं बडवल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मामी पदर खोचून, तोंडानं मामांचा उद्धार करत पोत्याला गुद्दे घालत होत्या, आणि मला त्यांचा डावा हात मामांपेक्षा सरस वाटला.

मोबाईल आल्यापासून मामांना जगातली सगळी जुनी-नवी युद्धं घरबसल्या दिसू लागली. सामना पाहताना ते गप्प असतात. एखादा खाली पडला की मात्र ताठ बसतात आणि पंचाबरोबर मोठ्यानं आकडे मोजू लागतात. मुष्टियुद्धात पडलेल्या गड्याला दहा आकडे मिळतात. तेवढ्यात उठला तर लढत पुढं चालू, नाही उठला तर संपली. मामांच्या मते आजकालचे पंच फार भरभर मोजतात. एकदा असाच एक जण नवावर गुडघ्यावर आला होता आणि पंचानं हात हलवून सामना संपवला, तर मामा मोबाईलला म्हणाले, "एस्टी सुटाया लागली व्हय रं तुझी?" आणि दिवसभर जेवले नाहीत.

यादीत कोण कितवा हे ठरवायची त्यांची पद्धतही जगावेगळी आहे. कोण किती जिंकला ते बघायचं नाही. कोण किती वेळा पडला आणि पडून किती वेळा उठला, एवढंच. एक मोठा जगज्जेता कारकिर्दीत कधी पडलाच नाही, म्हणून मामांनी त्याला दहाव्या जागी ठेवलाय. तोही आग्रहास्तव. मी म्हटलं, जो कधी पडलाच नाही तो तर सगळ्यांत वर पाहिजे. तर म्हणाले, "त्यो नापास न्हाय, जावईबापू. परीक्षेलाच बसला न्हाय."

एकदा मी चांगला अभ्यास करून गेलो. म्हटलं, मामा, वेगवेगळ्या काळातल्या माणसांची अशी तुलना होतच नाही. जुन्या लोकांना खुराक नव्हता, शास्त्र नव्हतं, आजचा पोरगा त्यांना एका फेरीत झोपवेल. हातमोजे बदलले, वजनाचे गट बदलले, नियम बदलले. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उजव्या पायाची टाच पडवीच्या फरशीवर दोनदा आपटली.

"समदं बदललं," ते म्हणाले, "जमीन बदलली का?"

मी शिक्षक आहे. तीस वर्षं शाळेत पोरांना प्रश्न विचारून गप्प करत आलोय. त्या दिवशी मी टिपणांचा कागद घडी करून खिशात घातला.

मामांना उलट उत्तर देणारा माणूस गावात एकच, तो म्हणजे अप्पा. हे मूळचे उमरग्याकडचे. तरुणपणी ईटला येऊन त्यांनी भुसारी दुकान टाकलं आणि इथलेच झाले. कपाळाला विभूती, अंगात पांढरी बंडी, बोलणं मराठी, पण मोजणं कायम कानडीत. गूळ तोलताना, पोती उतरवून घेताना, अगदी घड्याळात पाहतानाही त्यांच्या ओठांवर 'ऒंदु, एरडु, मूरु' चालू असतं. यात्रेतल्या कुस्त्यांचे ते वर्षानुवर्षांचे पंच. कितीही मोठ्या पैलवानाचा गट आरडाओरडा करो, अप्पांनी दिलेला निकाल फिरलेला कुणाला आठवत नाही. पाठ मातीला टेकली की माणूस संपला, हा त्यांचा कायदा. पडल्यावर उठायला दहा आकडे द्यायचे ही कल्पनाच त्यांना लाजिरवाणी वाटायची. त्यांच्या मते ती सवलत होती, आणि सवलतीवर मोठा झालेला माणूस मोठा नव्हे. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला दुकानासमोरच्या बाकावर या दोघांची जुंपायची. अप्पा म्हणायचे, "टेकली की संपलं." मामा म्हणायचे, "उठला का न्हाय ते बगा." एवढ्या दोन वाक्यांवर त्यांनी चाळीस वर्षं काढली. त्यात एकमेकांच्या घरची लग्नं झाली, बारशी झाली, अप्पांची मंडळी वारली तेव्हा मामा तेरा दिवस दुकानाच्या पायरीवर बसून होते. वाद तेवढा तिथंच राहिला.

कुंदनसिंगाबद्दल मामा फार सांगत नसत. पलटणीची अंतिम लढत होती, दुसऱ्या फेरीत आपण त्याला पाडला, पुढं तो जिंकला, एवढंच. यावरून गावानं मेजर थोडक्यात हुकले, नाहीतर आज कुठल्या कुठं असते, असा अर्थ काढला होता, आणि मामांनी तो खोडला नव्हता. गावातल्या पोरांना त्याचा केवढा अभिमान. पाडलं तुम्हीच होतं ना, मग तो कसा जिंकला, असं कुणी खोलात शिरून विचारलं की मामांना गोठ्यातलं काहीतरी काम आठवायचं.

मागल्या वर्षी गावात जुन्या तालमीच्या जागी नवी व्यायामशाळा झाली. एक बाजू कुस्तीला, एक बॉक्सिंगला, आणि बॉक्सिंगच्या भिंतीवर मामांची यादी रंगवून घ्यायची असं पोरांनी ठरवलं. समितीचे अध्यक्ष अप्पा. त्यांनी नऊ नावांना हरकत घेतली नाही. पण एक नंबरचं नाव रंगवायला त्यांनी साफ नकार दिला. हा कुंदनसिंग कुणी पाहिला, कुणी ऐकला? मोबाईलवर तो कुठं सापडतो का? मेजरच्या पडवीत काय लिहायचं ते मेजरनं लिहावं, गावाच्या भिंतीवर गावाला पटेल तेच लागेल. शेवटी सरपंचांनी तोड काढली, की उद्घाटनाच्या दिवशी मामांनी सगळ्यांसमोर उभं राहून हा माणूस कोण ते सांगावं. लोकांना पटलं तर नाव लागेल. नाही पटलं तर पहिली जागा रिकामी सोडून खालचे नऊ रंगवायचे.

उद्घाटनाच्या सकाळी मी ईटला पोचलो तर घरात वेगळंच वातावरण. मामा मिशीला कात्री लावत होते आणि मामी चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "तुमी तरी सांगा जावईबापू ह्यास्नी. गाव हसंल." मला काहीच माहीत नव्हतं. कशाला हसेल म्हणून विचारलं, तर मामींनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. मामांनी आरसा खाली ठेवला.

"हसू दे," ते म्हणाले. "माझ्या लाजंपायी त्याचं नाव जाया नगं."

व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढं यात्रेतले सगळे जुने-नवे पैलवान, मध्ये खुर्चीवर अप्पा, भिंतीपाशी रंगाचा डबा घेऊन पेंटर. मामा उभे राहिले. माईक त्यांनी बाजूला सारला. म्हणाले, आजवर तुम्हाला अर्धंच सांगितलं, आज पुरं सांगतो. फौजेत जायच्या आधी आपण याच गावच्या कुस्तीच्या फडात खेळलो. बॉक्सिंग शिकून दोनच वर्षं झाली होती, हात शिकले होते, पण डोकं अजून मातीतच होतं. मग त्या लढतीवर आले, आणि तिथून पुढं मी त्यांचेच शब्द देतो.

"दुसऱ्या फेरीत माझा उजवा बसला आन् कुंदन पाठीवर गेला. सपशेल. दोन्ही खांदं खाली. म्या म्हनलं, झालं. चितपट. वाकलो, खालच्या ताडपत्रीला हात लावून कपाळाला लावला. पंच मला कोपऱ्याकडं ढकलाया लागला, मला वाटलं शाबासकी देतोय. त्याच्या हातात हात दिला. मग साहेब लोक बसल्यालं, त्यास्नी रामराम घातला. दातानं मोज्याची नाडी सोडाया लागलो. मागनं काय इंग्रजी आकडं चाललंत हिकडं ध्यानच न्हाय. वळून बगतो तर कुंदन म्होरं हुबा. आपल्यात कुस्ती झाली की गडी गळ्यात पडतो. मला वाटलं, त्यालाबी ठावं हाय. म्या हात पसरलं."

मामांनी तिथं, गावासमोर, दोन्ही हात पसरून दाखवले.

"मग?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"मग दवाखान्यात जाग आली."

गाव हसलं. मामींनी सांगितलं होतं त्याहून जास्त हसलं. पैलवान एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होते, पेंटरला डबा खाली ठेवावा लागला, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलो. चाळीस वर्षं मेजर असलेला माणूस आमच्या डोळ्यांदेखत हवालदार झाला. मामा हात तसेच पसरून उभे राहिले. खाली घेतलेच नाहीत. हसणं ओसरायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ते वाकड्या नाकानं आमच्याकडं रोखून बघत होते. हळूहळू आमचीच आम्हाला लाज वाटू लागली.

मग ते पुढचं बोलले. दुसऱ्या दिवशी कुंदनसिंग दवाखान्यात आला, येताना फडक्यात तुपसाखरेच्या गरम रोट्या घेऊन. खाटेपाशी बसून रडला. भाई, तूने हाथ क्यों खोले, एवढंच परत परत विचारत राहिला. मामांनी त्याला आपल्या फडाची रीत सांगितली. ती ऐकून तो जिंकलेला कप घेऊन आला आणि मामांच्या खाटेखाली ठेवून गेला. बरं वाटल्यावर मामांनी तो लंगरात नेऊन परत दिला. त्यानंतर बदली झाली, काही वर्षं पत्रं आली, मग आली नाहीत.

आता अप्पा उठले. फडात निकाल देताना उठायचे तसे, पंचा सावरत, सावकाश. अप्पा म्हणाले, "मेजर, दोन्ही खांदं टेकल्यालं तुमी बगितलं?"

"बगितलं."

"मग कुस्ती तितंच झाली. तुमी मारली. पन्नास वर्सं उगंच हरल्यालं म्हून हिंडलासा. ह्यो माझा निकाल. तुमचंच नाव लिवू द्या एक नंबरला."

अप्पांचा निकाल कधी फिरलेला नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्या पोरांनी आत्ता हसून घेतलं होतं त्यांनीच टाळ्या सुरू केल्या. मामींनी पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी का होईना, माणसाला त्याचं मिळालं. मामांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. जे पन्नास वर्षं मिळालं नाही ते चालत दारात आलं होतं आणि फक्त हो म्हणायचं होतं.

"न्हाय," मामा म्हणाले. "त्यो उठला अप्पा. म्या पाडला, माझ्या अंगात हुतं तेवढ्या जोरानं पाडला, आन् त्यो उठला. माझ्या म्होरं उठल्याला माणूस हाय त्यो. तुमी न्हाय म्हनून त्यो पुन्हा पडत न्हाय. पेंटर, लिव."

पेंटरनं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी पंचा खांद्यावर टाकला आणि ते दुकानाकडं निघून गेले. नाव लागलं. त्या दिवसापासून दुकानासमोरचा बाक मात्र रिकामा पडला. भर फडात आपला निकाल परत केलेला अप्पांच्या जिव्हारी लागला होता. मामा पाचच्या सुमाराला त्या रस्त्यानं मुद्दाम जात, डाव्या अंगानं अर्धा वेढा घालून, आणि अप्पा गुळाच्या ढेपा मोजत बसत. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तीळगूळसुद्धा झाला नाही.

या उन्हाळ्याच्या तोंडाला मामा गोठ्यात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. बार्शीला नेऊन शस्त्रक्रिया झाली, घरी आणलं, पण वय झालेलं, हाड भरून यायला वेळ लागेल आणि चालता येईल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पडवीत यादीसमोर खाट टाकली आहे. मामा दिवसभर पाठीवर. कुशीवर वळायची परवानगी नाही. जन्मभर मान ताठ ठेवलेला माणूस असा उताणा बघवत नाही, हे मी बायकोला फोनवर सांगितलं.

पहिल्यांदा भेटायला गेलो. मामा आढ्याकडं बघतच म्हणाले, "जावईबापू, किती झालं?"

मला वाटलं दिवस विचारताहेत. मग त्यांच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर पंचाच्या मोजणीसारखी एकेक करून हलताना दिसली.

"चार," मी म्हटलं.

"बरं. टायम हाय मग."

तेव्हापासून दर रविवारी जातो. दर रविवारी ते विचारतात आणि मी सांगतो, आणि हा हिशेब आता गावभर झालाय. चारचे पाच झाले, पाचचे सहा व्हायला मी तीन आठवडे लावले. मी गणिताचा शिक्षक, वहीत एक आकडा चुकला तर पोराला परत लिहायला लावणारा. पण ईटच्या पडवीत मी बिनदिक्कत खोटं मोजतो. दवाखान्याचा माणूस येऊन त्यांना वॉकर धरून उभं करायचा प्रयत्न करतो, दोन श्वास उभे राहतात आणि परत खाट. सहाच्या पुढं सात आहे, आणि तसे आकडे काही फार उरलेले नाहीत.

परवाच्या रविवारी गेलो तर पडवीच्या पायरीवर ओळखीच्या चपला. आत अप्पा खाटेपाशी स्टुलावर बसलेले, विभूती घामानं ओघळलेली. एवढ्या महिन्यांनी आले होते. मामांनी माझी चाहूल घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, "किती झालं?"

मी तोंड उघडलं. सात म्हणायचं ठरवून आलो होतो, आणखी रेटवेना म्हणून.

अप्पांनी माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं. वर्षानुवर्षं पाठ टेकली की कुस्ती संपवणारा तो पंच मामांच्या वाकड्या नाकापाशी वाकला.

"ऐदु," ते म्हणाले. मग माझ्याकडं बोट करून, निकाल द्यायच्या त्यांच्या जुन्या आवाजात, "पाच. ह्यास्नी मोजाया येत न्हाय, मेजर. उद्यापास्नं म्या मोजतो."